स्फोटजन्य प्रवाहाची परिभाषा

१३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयाखाली राखलेला खडकाचा अखेरचा थर सुरुंगाने उडवून पाणी चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात घेण्यात आले. २५ एप्रिल २०१२ रोजी तेच तंत्र पुन्हा योजिले गेले. वृत्तपत्रांनी या क्रियेस ‘लेक टॅपिंग’ म्हटले, ते योग्यच होते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र दुसऱ्या एका शब्दाकडे जाते. संस्कृतातील ‘सुरुङ्गा’ म्हणजे भुयार. हिंदीतील ‘सुरंग’ हा अर्थ आजही राखून आहे. मराठीत हा शब्द भुयारातून निघून ठासलेल्या दारूवर जाऊन बसला. बोलभाषेने आपली गरज अशी बिनबोभाट भागविली. आपल्या शास्त्रीय लेखनास ते अद्याप साधलेले नाही.

अशा स्फोटांचे गणित संगणकावर मांडणाऱ्या प्रणालींस ‘हायड्रोकोड’ म्हणतात. स्फोटाचा दाब पदार्थाच्या दृढतेहून कैक पटींनी अधिक असल्यामुळे आरंभीच्या गणितात दृढता वगळून घन पदार्थासही द्रव मानीत. नावाचा उगम तेथे आहे. १९४८ साली बर्कहॉफ व त्याच्या सहकाऱ्यांनी पोकळ स्फोटकाच्या धातूच्या अस्तरातून निघणारा झोत याच गृहीतावर उलगडून दाखविला. हे मराठीत सांगताना ‘तांबे द्रवरूप होते’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ‘रूप’ हे पद अवस्था सांगते, ‘वत्’ हा प्रत्यय वागणूक सांगतो. झोतातील तांबे बहुतांशी घनच असते; ते वितळत नाही, द्रववत् वाहते. हा केवळ वैयाकरणाचा हट्ट नव्हे. स्फोटबिंदूपासून दूर जाता दाब ओसरतो आणि खडकाची दृढता व त्यातील भेगा निर्णायक ठरतात. ‘द्रवरूप’ वाचून तयार झालेला विद्यार्थी नेमक्या त्याच जागी दृढता विसरेल.

लाग्रांज आणि ऑयलर यांच्या पद्धतींसाठी जड समास घडविण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. पंचगंगेच्या घाटावर उभे राहून समोरून जाणारे पाणी मोजणे ही ऑयलरची रीत. होडीत बसून पाण्याबरोबर जाणे ही लाग्रांजची. म्हणून ‘स्थिर जाळी’ व ‘अनुगामी जाळी’ एवढे पुरे. अनुगामी जाळी तीव्र विरूपणात पिळवटून निकामी होते, स्थिर जाळीत पदार्थांच्या सीमा पुसट होतात. दोन्ही दोष या नावांतूनच ध्यानी येतात. ‘स्फोट’ शब्दाचे मात्र तसे नाही. भर्तृहरीचा स्फोट बाजूस ठेवला तरी ध्वनिवेगाहून जलद पसरणारे डिटोनेशन आणि मंद गतीने पसरणारे ज्वलन या दोहोंस तो एकच शब्द पुरविणे धोक्याचे आहे, कारण त्यांची गणिते भिन्न आहेत. तेथे ‘डिटोनेशन’ हाच शब्द घ्यावा.

सर्वांत आक्षेपार्ह प्रयोग ‘संगणकाने सिद्ध झाले’ हा होय. स्फोटक वायूंसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जोन्स-विल्किन्स-ली समीकरणाचे स्थिरांक तांब्याच्या नळीत स्फोटक भरून, तिचे प्रसरण मोजून बसविलेले असतात. त्याच नळीच्या मापनाशी गणित जुळले, तर त्याने स्वतंत्रपणे काय सिद्ध केले? प्रबंधात ‘गणनेनुसार’ असे लिहावे, आणि स्थिरांक कोणत्या प्रयोगातून घेतले ते त्याच वाक्यात सांगावे.