नाव काढलं, आवाज राहिला

संगीताची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, फक्त तो कुणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. नवा अ‍ॅम्प आला की मजकूर ठरलेला असतो. आधी एखादा 'लेजंडरी टोन' येतो, मग तो टोन आता तुमच्या खोलीत मिळणार असल्याचं वचन, आणि बाजूला डोळे मिटून तार ओढणाऱ्या एका प्रसिद्ध गिटारवादकाचा फोटो. त्याच कंपनीचा नवा मिक्सर मात्र पुढच्या पानावर एकटाच उभा असतो. इतके चॅनल, इतके फेडर, यूएसबी आहे की नाही, बस्स. मिक्सरच्या शेजारी डोळे मिटलेलं कुणी नसतं.

आपल्याला कलाकारांनी वस्तू विकण्याची सवय आहे. झाकीर हुसेन यांनी ताजमहाल चहाची जाहिरात केली, ती आपल्या आईबाबांच्या पिढीला आजही आठवते. पण तो चहा पिऊन कुणाला तबला येईल, असं त्या जाहिरातीनं कधी सुचवलं नव्हतं. अ‍ॅम्पची जाहिरात नेमकं तेच सुचवते. हा डबा घे, म्हणजे त्याच्यासारखं वाजेल. महिनोन्महिने पैसे साठवून पहिला अ‍ॅम्प घेणाऱ्या मुलामुलींसाठी हे वाक्य महागात पडणारं आहे. म्हणून प्रश्न असा, की त्या डब्यावरचं नाव नक्की काय काम करतं?

याचं उत्तर शोधायला एक फार चांगलं उदाहरण आहे. जवळजवळ प्रयोगशाळेतला प्रयोगच म्हणा ना. एक गाजलेला अ‍ॅम्प, त्यावर एका मोठ्या वादकाशी जोडलेलं नाव. एक दिवस ते नाव काढलं गेलं आणि आतलं यंत्र तसंच राहिलं.

कंपनीचं नाव पीव्ही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात मेरिडियन नावाचं गाव आहे. तिथे हार्टली पीव्ही यांनी १९६५ मध्ये ती सुरू केली. वडिलांचं वाद्यांचं दुकान होतं. पोरवयात त्यांनी बो डिडलीचा कार्यक्रम पाहिला आणि गिटारवादक व्हायचं ठरवलं. ते स्वतः सांगतात ती गोष्ट अशी, की बँडवाल्यांना त्यांच्या वाजवण्यापेक्षा त्यांनी बनवलेले अ‍ॅम्पच जास्त आवडायचे. मग त्यांनी अ‍ॅम्पच बनवले. पुढची कित्येक वर्षं पीव्ही म्हणजे बारमध्ये, चर्चमध्ये, शाळेच्या सभागृहात दिसणारं दणकट आणि परवडणारं सामान. पॉवर अ‍ॅम्प, मिक्सर, स्पीकर. पडलं तरी न तुटणारं. पण भिंतीवर पोस्टर लावावं असं त्यात काही नव्हतं.

ते पोस्टर आलं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. एडी व्हॅन हेलन तोवर आपल्या पिढीचा सर्वांत जास्त नक्कल झालेला गिटारवादक होता. त्याचा सुरुवातीचा आवाज एका जुन्या मार्शल अ‍ॅम्पमधून यायचा, आणि त्याला मिळणारा वीजदाब तो व्हेरिअ‍ॅक लावून कमी करायचा. एका अर्थी तो स्वतःच मेकॅनिक होता. पीव्हीचे इंजिनिअर जेम्स ब्राऊन यांच्याबरोबर बसून त्यानं एक नवा अ‍ॅम्प घडवून घेतला. १९९२ मध्ये तो बाजारात आला. नाव ५१५०.

हा आकडाही गंमतीदार आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ५१५० हे एक कलम आहे. मानसिक स्थितीमुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाला ७२ तासांपर्यंत सक्तीनं देखरेखीखाली ठेवण्याची तरतूद त्यात आहे. व्हॅन हेलननं आपल्या घरच्या स्टुडिओला हे नाव दिलं, मग १९८६ च्या अल्बमला, मग अ‍ॅम्पला. म्हणजे कायद्याचं कलम, स्टुडिओ, अल्बम आणि शेवटी विक्रीचा माल. ब्रँड कसा तयार होतो, याची ही सगळी पायरी-पायरी इथे दिसते.

अ‍ॅम्प १२० वॉटचा. जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह, पाच पुढच्या टप्प्यात आणि चार शेवटच्या. गिटारचा बारीकसा सिग्नल एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना इतका वाढवला जातो, की त्याच्या लहरींचे माथे कापले जातात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. माथे कापले की सूर जाड होतो आणि लांबतो. ५१५० मध्ये हे इतकं होतं, की लीड चॅनलचा गेन पुरा फिरवायची वेळ सहसा येत नाही.

यानंतर जे झालं ते जाहिरातीत नव्हतं. हा अ‍ॅम्प एडीच्या सुरेल, हसऱ्या रॉकसाठी घडला होता. त्याला उचललं मेटलवाल्यांनी. खालच्या सुरात लावलेली गिटार, तळहातानं दाबलेल्या तारा आणि बंदुकीसारखे तुटक आघात यांना जो घट्ट, कोरडा आवाज हवा असतो, तो या डब्यात सापडला. मशीन हेडचा १९९४ मधला पहिला अल्बम ऐका. एडी व्हॅन हेलनशी त्याचं काही नातं कानाला जाणवत नाही. पुढे स्वीडनपासून अमेरिकेपर्यंत मेटलच्या एका अख्ख्या पिढीचा आवाज या अ‍ॅम्पमधून आला. त्यातल्या कितीतरी वादकांना एडीसारखं वाजवायचंच नव्हतं.

२००४ मध्ये एडी आणि पीव्ही वेगळे झाले. पुढे फेंडरबरोबर त्यानं स्वतःचा ब्रँड काढला आणि २००७ मध्ये ५१५० चा तिसरा अवतार तिथून आला. पीव्हीकडे यंत्र होतं, पण नाव वापरता येणार नव्हतं. त्यांनी अ‍ॅम्पचं नाव बदलून ६५०५ केलं. ६५ म्हणजे कंपनीचं जन्मवर्ष आणि ०५ म्हणजे २००५. चाळीस वर्षं पूर्ण झाल्याचा आकडा. सर्किट मुळात तेच.

मराठीत 'नाव काढणं' याचे दोन अर्थ होतात. पाटीवरून नाव काढणं, आणि पोरानं बापाचं नाव काढणं. ६५०५ नं दोन्ही केलं. स्वाक्षरी गेली, तरी तो विकला गेला, स्टुडिओत राहिला, मेटलच्या मंचांवर राहिला. चेहरा नसला तरी या अ‍ॅम्पचं अडलं नाही.

इथे 'बघा, नाव म्हणजे निव्वळ धूळफेक' असं म्हणून लेख संपवता आला असता. पण तेवढं खरं नाही.

एक तर, जुन्या बाजारात सगळ्यात सुरुवातीच्या ५१५० ला आजही जास्त भाव येतो. त्यांच्यावर नाव ठळक छापील अक्षरांत आहे, नंतरच्यांवर स्वाक्षरीच्या वळणाचं. लोक त्या अक्षरांवरून अ‍ॅम्प ओळखतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. काहींना आतल्या मूळ व्हॉल्व्हमुळे फरक ऐकू येतो. काहींना अक्षरंच ऐकू येतात.

दुसरं जास्त मजेदार आहे. आज फोनवर, लॅपटॉपवर, पायाखालच्या पेटीत अ‍ॅम्पच्या डिजिटल नकला मिळतात. लाइन सिक्स या कंपनीच्या हीलिक्समध्ये या पीव्ही अ‍ॅम्पची नक्कल आहे. तिचं नाव 'पीव्ही पनामा'. दुसऱ्याचा ट्रेडमार्क वापरायचा नाही, म्हणून व्हॅन हेलनच्या एका गाण्याची आठवण करून देणारा शब्द. पाटीवरून काढलेलं नाव खिडकीतून परत आत आलं. वाचणाऱ्याला इशारा पुरतो, उरलेलं तो स्वतः भरतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एडी नसता, तर हे यंत्र असं झालंच नसतं. तो फोटोपुरता उभा राहिला नव्हता. इतका गेन हवा, इतका वेळ सूर टिकायला हवा, ही मागणी त्याच्या कानाची होती. म्हणून कलाकाराच्या नावाचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. एक नाव कामाचं असतं, दुसरं भाड्याचं.

कामाच्या नावाचं जुनं उदाहरण मार्शलचंच आहे. लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल ड्रम विकायचे. १९६२ च्या सुमारास त्यांच्या दुकानात जो पहिला अ‍ॅम्प बनला, तो फेंडरच्या बासमन या अ‍ॅम्पवर बेतलेला होता. मग 'द हू'चे पीट टाउनशेंड आणि जॉन एंटविसल आणखी मोठा आवाज मागत आले. त्यातून १०० वॉटचा अ‍ॅम्प आणि माणसाच्या उंचीला भिडणारी स्पीकरची चवड जन्माला आली. तिथे कलाकार आधी गिऱ्हाईक होता आणि त्याच्या तक्रारीतून वस्तू घडली. जिमी हेंड्रिक्सबद्दल तर जिम मार्शल सांगायचे, की त्याला काही फुकट नको होतं, तो पूर्ण किंमत द्यायला तयार होता. आज एंडॉर्समेंट म्हटलं की सामान फुकट किंवा सवलतीत, हे आपण धरूनच चालतो.

भाड्याच्या नावाची सगळ्यात प्रामाणिक जाहिरातही मार्शलनंच केली. 'धिस इज स्पायनल टॅप' या १९८४ च्या विनोदी चित्रपटात नायजेल टफनेल नावाचा बावळट गिटारवादक आहे. त्याच्या अ‍ॅम्पची बटणं दहाऐवजी अकरापर्यंत जातात आणि त्याचा त्याला कोण अभिमान. १९९० मध्ये मार्शलनं जेसीएम ९०० काढला, त्याची बटणं वीसपर्यंत नेली आणि जाहिरातीला नायजेललाच उभं केलं. अस्तित्वातच नसलेल्या वादकाची शिफारस! आकडा वाढवल्यानं आवाज वाढत नाही, हे कंपनीनं हसत हसत कबूल केलं होतं.

तोच नियम वॉटनाही लागू आहे, आणि जाहिरात तो सांगत नाही. ५० वॉटचा अ‍ॅम्प बदलून १०० वॉटचा घेतला, तर फरक पडतो ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. खोलीत वाजवणाऱ्याला १२० वॉटचं काय करायचं, हा प्रश्न टोनचा नाही. तो शेजाऱ्यांचा आहे.

आणि मोठ्या मंचावर? तिथे त्या १२० वॉटच्या स्पीकरसमोर एक छोटा माइक ठेवलेला असतो. त्याची तार मिक्सरकडे जाते आणि तिथून गावभर लागलेल्या स्पीकरकडे. पुण्यात, मुंबईत तुम्ही एखाद्या बँडला ऐकायला जाता, तेव्हा मागे रचलेल्या पेट्या मुख्यतः वादकासाठी असतात, आणि नजरेसाठी. काही मोठ्या दौऱ्यांत तर त्यातल्या कितीतरी पेट्या रिकाम्या असतात. तुमच्या कानावर जे पडतं, ते गर्दीच्या मागे टेबलाशी उभ्या असलेल्या साउंडवाल्यानं ठरवलेलं असतं. गिटार किती, गायिका किती, ढोलाचा घुमारा कुठे कापायचा, शिट्टी मारू लागलेला माइक कुठला, हे सगळं तिथे ठरतं. तो चुकला तर जगातला सगळ्यात महाग अ‍ॅम्पही चिखल होतो.

म्हणून मिक्सरच्या पानावर फोटो नसणं मला जाहिरातीतलं सगळ्यात बोलकं मौन वाटतं. ज्या वस्तूवर आपलं ऐकणं खरोखर अवलंबून आहे, तिला चेहरा नाही, कारण तिच्यामागे उभं असलेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. पीव्हीनं कितीतरी साध्या सभागृहांना ऐकू येण्याजोगं केलं ते या बिनचेहऱ्याच्या सामानानं. इतिहासात नोंद झाली ती मात्र स्वाक्षरीची.

चेहरा आणि वस्तू यांची फारकत पुढे कुठवर जाते, हे आपल्या खिशातच दिसतं. मार्शलचा तो वळणदार पांढरा लोगो आज अनेकांना आधी भेटतो तो हेडफोनवर किंवा ब्लूटूथ स्पीकरवर. ही उत्पादनं झाउंड इंडस्ट्रीज ही स्वीडिश कंपनी परवान्यावर बनवत होती. २०२३ मध्ये तिनंच मार्शल अ‍ॅम्प्लिफिकेशन विकत घेतली. नावाच्या भाडेकरूनं घरच घेतलं. ब्लूटूथ स्पीकर वाईट असतो असं नाही. पण त्याच्या पुढच्या जाळीवर हेंड्रिक्सच्या काळातली जी झाक आहे, ती आवाजाची नाही, आठवणीची आहे. तीही आपल्या नव्हे, दुसऱ्या कुणाच्या.

मग पुढच्या वेळी अशी जाहिरात स्क्रोल करताना समोर आली, तर काय करायचं? 'हा कलाकार हेच वापरतो का' असं विचारून फार काही हाती लागत नाही. करार असेपर्यंत तो वापरेल, करार संपला की दुसरं वापरेल. त्यापेक्षा हे विचारावं, की हा माणूस आल्यामुळे यंत्रात काय बदललं? एखादा टप्पा वाढला, एखादी सोय आली, एखादी तक्रार मिटली? उत्तर मिळालं तर त्या नावाला मान द्यावा. नुसता रंग आणि सही मिळाली, तर नाव झाकून उरलेला अ‍ॅम्प ऐकावा. ६५०५ तसा ऐकूनच लोकांनी ठेवून घेतला.

आणि ज्यांच्याकडे तेवढे पैसे नाहीत, त्यांच्यासाठी एक दिलासा. ज्या मेटलवाल्यांनी ५१५० ला त्याचं दुसरं आयुष्य दिलं, त्यांनी जाहिरातीतल्या माणसासारखं वाजवलं नाही. त्या डब्यात आपल्या कामाचं काय आहे, तेवढं त्यांनी शोधलं. साध्या, सेकंडहँड, बिनसहीच्या अ‍ॅम्पमध्येही ते शोधता येतं.