सांगवीकरला माणसं कमी नव्हती

'कोसला' ही एकटेपणाची कादंबरी आहे, असं आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की पुस्तक उघडायच्या आधीच उदास व्हायची तयारी झालेली असते. भालचंद्र नेमाड्यांची ही पहिली कादंबरी १९६३ साली आली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो, शहर त्याला मानवत नाही, परीक्षांचं मातेरं होतं, आणि हाती काही न लागता तो गावी परततो. एवढीच गोष्ट धरली तर एकटेपणाचा शिक्का बरोबर वाटतो.

पण पुस्तक पुन्हा वाचा. ते माणसांनी गच्च भरलेलं आहे. होस्टेलच्या खोल्या, चहा, टवाळी, रात्री-अपरात्रीचं भटकणं. पांडुरंगला माणसं मिळत नाहीत असं नाहीच. ती काय देऊन मिळतात, हा या कादंबरीचा विषय आहे.

पुण्यात आल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपला लाजरेपणा, आपलं गावाकडचं वागणं इथे चालणार नाही. मग तो स्वतःला नव्याने घडवायला घेतो. वादसभेचा सेक्रेटरी होतो, होस्टेलचा प्रीफेक्ट होतो, गॅदरिंगला नाटक बसवतो. आज असा सीव्ही पाहून कुणीही खूश होईल. कॉलेजही त्याला आपलं म्हणतं, पण ते म्हणतं या नव्या पांडुरंगला. त्याला उभा करायला पैसे लागतात आणि ते गावाहून येतात. अभ्यास मागे पडतो, पैशांची ओढाताण होते, वडिलांचा धीर सुटतो. तिकडे धाकटी बहीण मनी जाते, तेव्हा तर या साऱ्या पदांपैकी एकाचाही काडीचा उपयोग नसतो. सांगवीचा मुलगा त्या दुःखात एकटा सापडतो, कारण पुण्यात त्याची ओळख कुणाशी झालेलीच नसते.

कॉलेजातल्या आपलेपणाबद्दल मराठीत इतकं अचूक मी दुसरीकडे वाचलेलं नाही. क्लब जॉइन कर, कमिटीत जा, ओळखी वाढव, असा सल्ला पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला मिळतो. सल्ला वाईट नाही. पण दारातून आत जाताना काय बाहेर काढून ठेवावं लागेल, हे कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा ती भाषा असते.

योगायोग असा, की त्याच १९६३ साली पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू झाली. भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' ऐकलेल्या कुणालाही विचारा, कॉलेज आपलं वाटायला लागलं ते कधी. वर्गात वाटलं असं म्हणणारे थोडेच भेटतील. तालमीत वाटलं म्हणणारे पुष्कळ. कारण तालमीत प्रत्येकाची गरज असते, लाइटवाल्याचीही. पण तिथेही एक गंमत आहे. एकांकिकेत कुणी गावाकडच्या बोलीत बोललं तर टाळ्या पडतात. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी व्हायव्हाला 'मी करेल' म्हणाला, की मागच्या बाकावर खसखस पिकते. बोली रंगमंचावर कला ठरते आणि खाली उतरली की चूक.

नेमाड्यांनी हा अडसर भाषेतच फोडला. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे एरवी भाषणात, निबंधात शोभणारे शब्द. पांडुरंग ते नको तिथे वापरतो आणि त्यांची हवाच काढून घेतो. वादसभेत जी प्रतिष्ठित भाषा शिकावी लागली, तिच्यावरच तो हसतो. म्हणून 'कोसला' साठ वर्षं होस्टेलांमधून हातोहात फिरली. पुस्तक न वाचलेली मुलंही तिच्या ढंगात बोलतात. ज्या नायकाला पुण्यात आपली जागा सापडली नाही, त्याच्या बोलण्याने नंतरच्या कितीतरी मुलांना ती मिळवून दिली.

कितीतरी मुलांना, मुलींचं काय? हा या कादंबरीचा अपुरेपणा आहे आणि तिच्यावर प्रेम करणारे आपण तो सहज विसरतो. ज्या गप्पांतून, भटकण्यातून पांडुरंगचं होस्टेल घडतं, त्या होस्टेलात मुलगी नाही. आजही मुलींच्या होस्टेलचं गेट रात्री ठरल्या वेळी बंद होतं; मुलांच्या गप्पांना खरा रंग चढतो तो त्यानंतर. शिवाय पांडुरंगला बेफिकीर होणं परवडतं, कारण गावात वडिलांची शेती आहे, आणि हरला तर परतायला घर आहे. कादंबरीला हे पक्कं ठाऊक आहे, बापलेकाचं भांडण त्यावरच तर आहे. तिचे चाहते मात्र बेफिकिरी उचलतात आणि शेती गाळतात. स्कॉलरशिपवर आलेल्या, मेसचे पैसे मोजून देणाऱ्या मुलाला नापास होण्याची अशी ऐट जमत नाही.

तरीही पुण्यात नव्याने आलेल्या कुणालाही मी हीच कादंबरी देईन. उदास व्हायला नाही, हिशेब समजायला. एखाद्या ग्रुपमध्ये आपण आहोत का, हा प्रश्न तसा सोपा आहे. तिथे आपण घरी बोलतो तसं बोलू शकतो का, आणि घरून वाईट बातमी आली तर त्या रात्री कुणाचं दार वाजवू, हे खरे प्रश्न. पांडुरंगकडे पदं होती, मित्रही होते. या दोन प्रश्नांची उत्तरं नव्हती.