मार्शमॅलोच्या प्रयोगात नेमकं काय मोजलं जातं?

एक मार्शमॅलो आत्ता, की थोडं थांबून दोन? वॉल्टर मिशेल यांच्या या प्रयोगाला आपण सरळ 'मुलाच्या संयमाची परीक्षा' म्हणतो. मला हे नावच खटकतं.

सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा पेपर वाचा. २८ लहान मुलं. आधी त्यांना चित्रं काढायला बसवलं. थांबलात तर आणखी छान साहित्य आणून देऊ, असं सांगितलं. निम्म्या मुलांना ते मिळालं, उरलेल्यांना नुसती दिलगिरी. मग समोर मार्शमॅलो ठेवला. दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. बाकीची जेमतेम ३.

म्हणजे न थांबणारं मूल हावरट असेलच असं नाही. कदाचित त्याचा हिशेब बरोबर असतो. हट्टी मुलाला संयम शिकवायचा, तर आधी मोठ्यांनी शब्द पाळायला हवा.

नमुना लहान आहे, हे खरं. संयम नावाची क्षमताच नसते, असंही यातून सिद्ध होत नाही. पण उद्या तुम्ही निरीक्षणाच्या वहीत 'संयम कमी' लिहाल, तेव्हा क्षणभर थांबा. तुम्ही मुलाला मोजलंत, की त्याचा मोठ्यांवरचा विश्वास?