आज्ञापत्रांतील दुर्ग व आरमार : राजा आणि किल्ला यांच्या दरम्यान कोण?

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र हा मराठी राजनीतीचा आकरग्रंथ होय, याविषयीं अभ्यासकांत फारसा मतभेद नाहीं. इ. स. १७१५ च्या सुमारास करवीरकर शंभुछत्रपतींच्या नांवें तो सिद्ध झाला. त्याचीं प्रकरणें नऊ. त्यांपैकीं दुर्गांचें प्रकरण व शेवटचें आरमाराचें प्रकरण यांचा उल्लेख केल्यावांचून मराठ्यांच्या लष्करावरील एकही लेख पुरा होत नाहीं. परंतु उल्लेख करणें निराळें आणि परीक्षण करणें निराळें. या दोन प्रकरणांतील वाक्यें उचलून ‘शिवछत्रपतींची व्यवस्था अशी होती’ असें सांगण्याचा जो प्रघात पडला आहे, तो कितपत टिकतो हें पाहण्याचा आमचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही एकच प्रश्न हातीं घेतों. राजा आणि किल्ला यांच्या दरम्यान कोण होता? म्हणजे स्वदेशींच्या मुलुखाचे लष्करी विभाग कसे पाडले होते, त्यांवर हुकूम कोणाचा चाले, आणि याविषयीं आज्ञापत्र काय सांगतें व काय सांगत नाहीं?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथावरून सुचला नाहीं. तो मालवणच्या किनाऱ्यावर सुचला. कुरटे बेटावरील सिंधुदुर्गाचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं घातला गेला. येणारा यात्रेकरू होडींतून जातो, तट पाहतो, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचें पाणी पितो, शिवराजेश्वराचें दर्शन घेतो आणि परततो. त्याच्या मनांत ‘एक किल्ला’ राहतो. परंतु जवळच्या खडकावर पद्मगड आहे, गांवाच्या कडेस राजकोट आहे, उत्तरेस सर्जेकोट आहे. आणि या चारांचा अर्थ एकमेकांवांचून लागत नाहीं. हें एक ठाणें नसून ठाण्यांचा समूह आहे. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें बारा मराठी दुर्ग जागतिक वारशांत घेतले, त्यांत आमच्या जिल्ह्यांतील सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे दोन आहेत. ती नोंद एकेका वास्तूच्या नांवें झालेली नाहीं. ‘मराठ्यांचा लष्करी भूप्रदेश’ अशा आशयाच्या एकाच नांवाखालीं झाली. रचना असेल तर तिला सूत्र असलें पाहिजे. तें सूत्र आज्ञापत्रांत सांपडतें काय?

प्रथम ग्रंथाचें जें श्रेय आहे तें देऊं. दुर्गप्रकरणाचा कर्ता ऐकीव लिहीत नाहीं. पाण्यावांचून किल्ला बांधूं नये, एकाच झऱ्यावर विसंबूं नये, एकच दरवाजा असणें हा दोष आहे, किल्ल्यावरील झाडें राखावीं, हे विचार वेढा सोसलेल्या माणसाचे आहेत. अधिकाऱ्यांविषयीं तो तितकाच सावध आहे. हवालदार, सरनोबत, सबनीस व कारखानीस यांचीं कामें त्यानें वेगळीं राखलीं आहेत. एकाच्या हातीं शिबंदी, दुसऱ्याच्या हातीं हिशेब, तिसऱ्याच्या हातीं कोठार. एका किल्ल्यावर परस्परांचे नातलग नेमूं नयेत आणि ठराविक मुदतीनें बदल्या कराव्यात, हाही त्याचा कटाक्ष आहे. एका किल्ल्याची व्यवस्था म्हणून याहून नेमकें लेखन जुन्या मराठी गद्यांत आम्हांस दुसरें माहीत नाहीं.

परंतु किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पडलें कीं ग्रंथ एकाएकीं अबोल होतो. दहा किल्ले मिळून कोणाच्या हाताखालीं असावेत, एका किल्ल्यास वेढा पडला तर शेजारच्या किल्ल्यानें कोणाच्या हुकुमानें कुमक करावी, प्रांताचा सुभेदार व किल्ल्याचा हवालदार यांत मोठा कोण, याचा विस्तार तेथें नाहीं. वाचकाचा असा ग्रह होतो कीं प्रत्येक किल्ला थेट राजाकडे पाहतो व मध्यें कोणी नाहीं.

वस्तुस्थिति तशी नव्हती. कृष्णाजी अनंत सभासदानें राजारामछत्रपतींच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेली बखर पाहावी. किल्ल्यावरील अधिकाऱ्यांची मांडणी तिच्यांतही आहे, परंतु तिच्यांत आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, राज्याचे विभाग करून ते प्रधानांच्या हवालीं केले होते. उत्तरेकडील कल्याण, कोळवण, साल्हेरपर्यंतचा मुलुख व वरघाटचा कांहीं भाग मोरोपंत पिंगळे यांजकडे. चेऊल, दाभोळ, राजापूर, कुडाळ असा दक्षिण कोंकणाचा पट्टा अण्णाजी दत्तो यांजकडे. आणि वाईपासून कोपळपर्यंतचा वरघाट दत्ताजीपंत वाकनिसांकडे. हे तिघेही दफ्तराचे जाणते, आणि तिघांवरही मुलुखाच्या रक्षणाचा भार. दुसरी गोष्ट छावणीची. दसऱ्यास लष्कर मुलुखगिरीस निघे, पावसाळ्यापूर्वीं स्वदेशीं परते. चार महिन्यांचा दाणा, वैरण, औषधें व गवतानें शाकारलेलीं घरें त्यासाठीं अगोदर सिद्ध असत. म्हणजे घरची लष्करी व्यवस्था दुहेरी होती : किल्ल्यांची शिबंदी बारमाही जागच्या जागीं, आणि फिरती फौज चार महिने प्रांताच्या पोटीं.

या मधल्या पायरीचा पुरावा केवळ बखरींत आहे असें नाहीं. महाराजांचीं अस्सल पत्रें आहेत. ७ डिसेंबर १६७१ चें पत्र कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस आहे. विषय बारदेशच्या मिठावरील जकातीचा. परंतु आमच्या प्रश्नास त्यांतील पदच पुरेसें आहे. आमच्याच मुलुखांत, सिंधुदुर्ग पुरा होऊन चार वर्षें झालीं तोंच, राजा व गांव यांच्या दरम्यान सरसुभेदार बसलेला दिसतो. १९ मे १६७३ चें पत्र चिपळुणाकडील छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांस आहे. पावसाळ्यापुरता जमविलेला दाणावैरणीचा सांठा आतांच उधळला तर पुढें घोडीं उपाशीं मरतील, मग लोक रयतेस उपद्रव देतील, आणि रयतेस मोगलच बरा वाटेल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीस आग लागूं नये म्हणून चुलीपासून दिव्याच्या वातीपर्यंतची काळजी त्यांत आहे. हें पत्र नीतीचा पाठ म्हणून वाचण्याची चाल पडली आहे. आम्हीही वर्गांत तें तसेंच शिकविलें, आणि आतां तें अपुरें शिकविलें असें वाटतें. प्रांताचा सांठा व फौजेची भूक यांचा सांधा जेथें बसतो तेथें तें लिहिलेलें आहे. नीति त्यांत आहे, परंतु ती पुरवठ्याच्या हिशेबांतून निघाली आहे.

असें असतां आज्ञापत्राचा कर्ता गप्प कां? त्याला हें माहीत नव्हतें असें म्हणतां येत नाहीं, कारण मधली पायरी तो स्वतःच होता. १६८९ मध्यें राजारामछत्रपति जिंजीस गेले, तेव्हां महाराष्ट्रांतील राज्याचा भार हुकमतपन्हा या पदानें रामचंद्रपंतांकडे आला. शंकराजी नारायण व परशुराम त्रिंबक हे त्यांचे सहकारी. छत्रपति परत येईपर्यंत किल्ले, फौज व मुलुख या तिघांनीं संभाळला. ज्या पुरुषानें आयुष्याचा ऐन काळ प्रांतिक अधिकार गाजविण्यांत घालविला, त्यानेंच आपल्या ग्रंथांत त्या अधिकाराचें प्रकरण लिहूं नये, ही गोष्ट आम्हांस सहज घडलेली वाटत नाहीं.

आमचें अनुमान असें. १७१५ पर्यंत राज्य सातारा व कोल्हापूर असें दुभंगलें होतें. प्रांत सांभाळणारे सरदार प्रांताचे धनी होऊं लागले होते. वतनदारांविषयीं याच ग्रंथांत जो कडक इशारा आहे तो या भयाचाच आहे. अशा वेळीं विभागाचा अधिकारी बळकट करा असें सांगणें म्हणजे रोगास खाद्य घालणें होतें. म्हणून त्यानें मधली पायरी गाळून किल्ला व राजा यांची थेट गांठ घातली आणि किल्ला स्वयंपूर्ण केला. ही १६७० ची आठवण नव्हे. १७१५ चा उपाय आहे. सभासदाची बखर व आज्ञापत्र यांत विरोध नाहीं. दोघांच्या डोळ्यांपुढें निरनिराळे काळ आहेत.

यावर एक आक्षेप संभवतो. ग्रंथ राजनीतीचा आहे, कानुजाबता नव्हे. सर्व कांहीं त्यांत असावें ही अपेक्षाच चूक. आक्षेप खरा आहे, आणि आरमाराचें प्रकरण नसतें तर आम्हीं तो मान्यही केला असता. परंतु तेथें तोच कर्ता विभागांची भाषा मोकळेपणानें बोलतो. जहाजांचे सुभे करावे, प्रत्येक सुभ्यांत गुराबा व गलबतें ठराविक असावीं, सर्वांवर सरसुभा असावा, आणि आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर न टाकतां त्यास मुलुखाचें उत्पन्न नेमून द्यावें. पावसाळ्यांत आरमार कोठें नांगरावें याचाही तेथें विचार आहे. म्हणजे विभागरचना त्याला ठाऊक होती व सांगावीशीही वाटत होती. फक्त ती समुद्रावर सांगितली, जमिनीवर नाहीं. समुद्रावर वतन कोठून येणार?

शिवकालीं आरमाराचे दोन सुभे असल्याचें सभासद सांगतो. दर्यासारंग व मायनायक भंडारी हे त्यांचे नायक. परंतु त्यांस मुलुख नेमून दिलेला नव्हता तर काय होई, हें १८ जानेवारी १६७५ च्या पत्रावरून कळतें. मामले प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांस तें आहे. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्गाचें काम चालू, दौलतखान व दर्यासारंग आरमारासह तेथें गुंतलेले, आणि सुभेदारानें ठरविलेला पैसा व गल्ला पोंचता केला नाहीं. महाराजांनीं त्याची जी कानउघाडणी केली ती प्रसिद्ध आहे. ब्राह्मण म्हणून मुलाहिजा राखला जाणार नाहीं असा तिचा रोख. बहुतेक लेखक येथें महाराजांच्या समबुद्धीची स्तुति करून थांबतात. स्तुति योग्यच, परंतु पत्रावरून एक उणीवही दिसते. लढणाऱ्याच्या हातीं पैसा नाहीं, पैशाच्या धन्यावर लढणाऱ्याचा हुकूम नाहीं, आणि दोघांचा सांधा खुद्द राजाच्या लेखणीवांचून जुळत नाहीं. आज्ञापत्रांतील आरमाराच्या नेमणुकीचा नियम हा या उणिवेवरचा उतारा आहे असें आम्ही समजतों. तो नियम मागील व्यवस्थेचें वर्णन म्हणून देणें म्हणजे औषधाची चिठ्ठी दाखवून रोगी निरोगी होता असें म्हणण्यासारखें आहे.

संस्कृत परंपरेचा प्रश्न येथें निघणारच. कौटिल्य जनपदाच्या सीमेवर चारी दिशांस दुर्ग व अंतपाल सांगतो. हत्ती, घोडे, रथ व पायदळ यांवर एक नव्हे, अनेक मुख्य असावेत, म्हणजे परस्परांच्या भयानें ते शत्रूस वश होणार नाहींत, असेंही सांगतो. हवालदार-सरनोबत-सबनीस यांच्या जुळणीशीं याचें साम्य पाहून आज्ञापत्र अर्थशास्त्रावरून रचलें असें कोणी म्हणेल. आमचें शिक्षण संस्कृतांत झालें असल्यानें हा मोह आम्हांसही झाला. पण तो आवरला पाहिजे. अर्थशास्त्राचा मूळ ग्रंथ १९०९ मध्यें छापून निघेपर्यंत विद्वानांसही दुर्मिळ होता. समान संकटांतून समान उपाय निघतो, एवढेंच येथें म्हणतां येईल. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेला राज्यव्यवहारकोश मात्र उपयोगी साक्षी आहे. त्यांत चतुरंगवर्ग व दुर्गवर्ग निरनिराळे आहेत. फिरती फौज एक आणि दुर्ग दुसरा, ही सभासदांतील विभागणी कोशकारासही मान्य दिसते.

हा प्रश्न केवळ जुना नाहीं. इंग्रजांनीं मुंबई, मद्रास व बंगाल या इलाख्यांच्या तीन स्वतंत्र फौजा १८९५ मध्यें मोडून एका सेनापतीखालीं चार विभाग केले. पुण्याच्या दक्षिण विभागाचा इतिहास तेथूनच सांगतात. आजही भूदल, नौदल व वायुदल यांचे विभाग एकत्र बांधावे काय, याची चर्चा देशांत चालू आहे. विभागाचा अधिकारी दुबळा केला तर शेजारची कुमक वेळेवर येत नाहीं. बळकट केला तर तो धनी होऊं पाहतो. रामचंद्रपंतांनीं दुसरें भय मोठें मानलें. त्यांच्या काळीं तें खरेंही होतें.

तात्पर्य, आज्ञापत्र हें १७१५ चें साधन म्हणून वाचावें. शिवकालाविषयीं तें एकटें साक्षीस घेऊं नये. सभासद व अस्सल पत्रें यांशीं ताडून जें उरेल तेंच शिवकालाच्या खातीं जमा करावें. यानें ग्रंथाची थोरवी उणी होत नाहीं. उलट अनुभवानें पोळलेल्या एका राज्यकर्त्याचें मन त्यांतून दिसूं लागतें, आणि तें वर्णनाहून मोलाचें आहे.

एक विनंति करून लेख पुरा करतों. सिंधुदुर्गाचा हवालदार, त्याच्या बंदरांतील सुभा व कुडाळचा सरसुभेदार हे परस्परांस काय लिहीत, हें कळल्यावांचून आमच्या किनाऱ्याची विभागरचना उलगडणार नाहीं. तसे कागद जुन्या घरांच्या माळ्यांवर असण्याचा संभव आहे. शिक्षकाच्या व्यवसायांत असतां एका विद्यार्थ्याच्या वहीस मोडी कागदाचें वेष्टण घातलेलें आम्हीं पाहिलें. विचारपूस करीपर्यंत बाकीचें बाड वाळवीनें संपविलें होतें. ज्यांच्या घरीं असें बाड असेल त्यांनीं तें मंडळास दाखवावें. वाचण्याचे श्रम आम्ही आनंदानें करूं.