चाळीस वर्षांची नोंद, दोन वर्षांची मुदत : ॲस्बेस्टॉस निकालाची चिकित्सा

‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निकाल महाविद्यालयीन अध्यापनात प्रामुख्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ च्या संदर्भात येतो. कामगाराचे आरोग्य व त्याला मिळणारे वैद्यकीय साहाय्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, हे न्या. के. रामस्वामी यांनी लिहिलेल्या या निकालपत्रातील प्रतिपादन निःसंशय मोलाचे आहे. परंतु ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी ज्याची फुप्फुसे निकामी झाली, त्या कामगाराच्या पदरात प्रत्यक्ष काय पडले, या अंगाने निकालाची चिकित्सा क्वचितच होते. हक्काची घोषणा आणि भरपाईची व्यवस्था यांत येथे मोठे अंतर राहिलेले दिसते.

निकालातील सर्वांत जाणतेपणाने दिलेला निर्देश नोंदींविषयीचा आहे. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे अथवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपली जावी, असे न्यायालयाने सांगितले. यामागे रोगाच्या स्वरूपाची अचूक जाण आहे. श्वासावाटे गेलेले तंतू फुप्फुसात रुतून बसतात. ॲस्बेस्टोसिसची लक्षणे दिसू लागण्यास बहुधा दहा-वीस वर्षे लागतात, तर मेसोथेलिओमा हा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. म्हणजे रोग प्रकट होतो तेव्हा कामगार बहुधा निवृत्त झालेला असतो, कारखानाही कदाचित बंद पडलेला असतो.

भरपाईचा कायदा मात्र वेगळे घड्याळ लावून बसला होता. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा मूलतः अपघाताचा कायदा. यंत्रात हात सापडला, तर दिवस, वेळ आणि साक्षीदार ठरलेले असतात. व्यवसायजन्य रोगाला या चौकटीत बसविण्यासाठी ‘रोग जडणे म्हणजे अपघाताने झालेली इजा’ असे कायद्याने मानले. ही युक्ती सोयीची खरी. पण तिच्याबरोबर अपघाताची मुदतही आली. कलम १० अन्वये दावा दोन वर्षांच्या आत करावा लागे. नोकरी सुटल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा मानला जाई. अठराव्या वर्षी लक्षणे दिसली तर काय, याचे नेमके उत्तर या तरतुदीत नव्हते. पुरेसे कारण दाखविल्यास आयुक्तांना विलंब माफ करता येत असे, हे खरे. तथापि ज्या रोगात विलंब हाच नियम आहे, तेथे प्रत्येक रुग्णाला अपवाद म्हणून दाद मागावयास लावणे न्याय्य म्हणता येणार नाही.

तिसऱ्या अनुसूचीची रचनाही विचार करावयास लावते. ॲस्बेस्टोसिस तिच्या ‘क’ भागात होता, तर ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा ‘ब’ भागात, बेंझिन, पारा, क्रोमियम यांच्या विषबाधेच्या पंक्तीत. ‘क’ भागातील रोगासाठी अनेक मालकांकडील सेवा एकत्र धरता येई. ‘ब’ भागासाठी मात्र एकाच मालकाकडे सलग सहा महिन्यांची सेवा लागे व त्यात त्याच प्रकारच्या कामातील दुसऱ्या मालकाकडील काळ मोजला जात नसे. एकाच धुळीने झालेल्या दोन रोगांना दोन न्याय! कंत्राटदार बदलला की नावही बदलते अशा हंगामी कामगारासाठी ही अट किती जाचक ठरत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

न्यायालयापुढे हा सर्व विसंवाद तपासण्याची संधी होती. निकालाने त्याऐवजी ठोक रकमेचा मार्ग पत्करला. कर्मचारी राज्य विमा रुग्णालयात तपासलेल्या गुजरातमधील कामगारांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने फेरतपासणी करावी आणि रोग सिद्ध झाल्यास संबंधित कारखान्याने प्रत्येकी एक लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. तातडीचा दिलासा म्हणून तो योग्यच होता. परंतु वय, वेतन आणि कमावण्याच्या क्षमतेतील घट यांनुसार भरपाई मोजण्याचे जे सूत्र अधिनियमातच होते, त्याचा या रकमेशी काही मेळ दिसत नाही. शिवाय त्या यादीबाहेरच्या, पुढे आजारी पडणाऱ्या कामगारासाठी दोन वर्षांचे दार होते तसेच राहिले.

आणखी एक उणीव पुराव्याची. चाळीस वर्षे जपावयाची नोंद राहणार मालकाकडे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा, त्याच्याच कपाटात. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातलेल्या कलम ४१-क ने धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला स्वतःची आरोग्यनोंद पाहण्याचा अधिकार दिला होता. पण नोंद सादर न झाल्यास रोग कामातूनच झाला असे गृहीत धरावे, असा नियम निकालाने घातला असता तर त्या चाळीस वर्षांना भरपाईच्या दाव्यात खरा अर्थ आला असता.

२०११ मध्ये ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी घालण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. वापर चालू राहिला, म्हणजे उद्याचे रुग्णही आज कामावर आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू होऊन १९२३ चा अधिनियम इतिहासजमा झाला. नवी संहिता आली, तरी तिसऱ्या अनुसूचीचे अ, ब, क हे भाग आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत तिच्यात कायम आहेत.