सहप्रवासाची साक्ष : एला मायार यांचे ‘द क्रूएल वे’

प्रवासवर्णनाची चर्चा करताना प्रवासी आणि प्रदेश या दोन घटकांचाच विचार सामान्यतः केला जातो. प्रवाशाची दृष्टी कितपत व्यापक आहे आणि प्रदेशाचे चित्र कितपत यथार्थ उतरले आहे, हे दोन प्रश्न विचारले की समीक्षकाचे काम पुष्कळदा आटोपते. जो सोबती त्याच मोटारीत बसून तोच रस्ता कापतो आणि त्याच राहुटीत रात्र काढतो, त्याची मात्र समीक्षेत दखल घेतली जात नाही. लेखकही त्याचा उपयोग बहुधा विनोदापुरता किंवा संवादापुरता करतात. सोबतीच प्रवासाचे कारण ठरला आणि लेखनाचाही विषय झाला, तर त्या लेखनाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा प्रश्न एला मायार यांच्या ‘द क्रूएल वे’ या ग्रंथाने उपस्थित केला आहे. १९४७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला हा इंग्रजी ग्रंथ प्रवासवृत्त म्हणून सर्वमान्य झाला आहे. मैत्रीचा आलेख म्हणून त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

१९३९ च्या जून महिन्यात दोन स्विस स्त्रिया जिनेव्हाहून फोर्ड मोटारीने पूर्वेकडे निघाल्या. एला मायार यांचा जन्म १९०३ चा. १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये नौकाशर्यतीत त्यांनी स्वित्झर्लंडचे प्रतिनिधित्व केले होते आणि मध्य आशियातील खडतर प्रवासांमुळे त्यांचे नाव युरोपात सर्वतोमुखी झाले होते. आनमारी श्वार्त्सेनबाख त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. झुरिकच्या धनाढ्य घराण्यात जन्मलेल्या या लेखिका इतिहासाच्या अभ्यासक व छायाचित्रकारही होत्या. मॉर्फिनच्या व्यसनाने मात्र त्यांना ग्रासले होते. बाल्कन प्रदेश, इस्तंबूल, त्राब्झोन, ताब्रीझ, तेहरान, मेशेद आणि हेरात असा हा मार्ग हिंदुकुशाच्या उत्तरेकडून बामियानला व तेथून काबूलला पोचला. युरोपावर दाटून आलेले युद्धाचे सावट मागे टाकावे, अफगाणिस्तानातील लोकजीवन अभ्यासावे व चित्रित करावे आणि मैत्रिणीला व्यसनाच्या विळख्यातून सोडवावे, असे तिहेरी प्रयोजन या प्रवासामागे होते. त्यांपैकी पहिले दैवाने हाणून पाडले. त्या अफगाणिस्तानात असतानाच सप्टेंबरात युद्धाला तोंड फुटले. दुसरे बऱ्याच अंशी सफल झाले. तिसरे फसले, आणि ग्रंथाचा जन्म या तिसऱ्यातून झाला.

चित्रण आणि लेखन यांनी या प्रवासात आपापसांत जी वाटणी करून घेतली, तिच्याकडे प्रथम लक्ष दिले पाहिजे. मायार यांनी अफगाण भटक्यांचे चलच्चित्रण केले. दोघींनी छायाचित्रेही विपुल घेतली. कॅमेऱ्याला प्रकाश लागतो, अंतर लागते आणि समोरच्या माणसाने काही क्षण का होईना पण दिसत राहावे लागते. उंटांचे तांडे, काळ्या राहुट्या, वाटचाल करणाऱ्या कुटुंबांची लगबग हे सारे त्याच्या आवाक्यातले आहे. त्या चित्रणाचे मोल काळाबरोबर वाढतच गेले. बामियानच्या ज्या दोन महाकाय बुद्धमूर्तींसमोर या स्त्रिया उभ्या राहिल्या, त्या २००१ च्या मार्चमध्ये उद्ध्वस्त करण्यात आल्या. त्यामुळे त्या पिढीतील प्रवाशांची साधी छायाचित्रेदेखील आता पुराव्याच्या पदवीला पोचली आहेत.

श्वार्त्सेनबाख यांची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांत आखूड केसांची, कृश, गंभीर मुद्रेची एक तरुणी दिसते. त्या मुद्रेवरून विषादाची कल्पना येते. पण रात्रभर चाललेला झगडा, दिलेले आणि मोडलेले वचन, संशय आणि त्या संशयाची लाज यांतले काहीही त्यावरून कळत नाही. कॅमेऱ्याने जे सोडले ते शब्दांनी उचलले. म्हणूनच ‘द क्रूएल वे’ला चित्रणाची शब्दांतील पुरवणी समजणे चुकीचे होईल. जे चित्रित होऊच शकत नव्हते त्याची ती नोंद आहे.

या नोंदीचा खरा गुण म्हणजे तिच्यातील पराभवाची कबुली. उद्धारकाची भूमिका घेऊन निघालेल्या मायार यांना प्रवासाच्या आरंभीच, बाल्कनमध्ये, मैत्रिणीचे व्यसन पुन्हा उफाळल्याचा प्रत्यय येतो. नंतर रस्ता जसजसा अवघड होत जातो तसतशी ती मैत्रीण सावरल्यासारखी दिसते; मोटार चालविणे, मुक्कामाची जागा शोधणे, राहुटी ठोकणे या कामांत तिचे मन रमते. काबूलला रस्ता संपतो आणि सावरलेपणही संपते. प्रवास हा उपचार नव्हता, तो केवळ विलंब होता, हे कठोर सत्य ग्रंथाच्या घटनाक्रमातूनच वाचकाला उमगते. आपली इच्छाशक्ती दुसऱ्याच्या अंगी संक्रमित करता येत नाही, हे मायार यांनी लपविलेले नाही. प्रवासवर्णनात अडचणींवर मात केल्याची प्रौढी पुष्कळ आढळते. इतक्या निःसंकोचपणे मांडलेले अपयश विरळा.

तथापि या ग्रंथात एक मूलभूत दोषही आहे. युद्धकाळात मायार यांचे वास्तव्य भारतात, विशेषतः तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींच्या सान्निध्यात होते. १९४२ च्या नोव्हेंबरात, सायकल अपघातातील दुखापतीनंतर, श्वार्त्सेनबाख वयाच्या चौतिसाव्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये निधन पावल्या. ग्रंथाला अंतिम रूप मिळाले ते या दोन घटनांच्या छायेत. त्यामुळे १९३९ चा अनुभव नंतर लाभलेल्या आत्मविचाराच्या प्रकाशात पुनः पुन्हा उजळला जातो. दुःख ही आत्मज्ञानाची वाट आहे, हा सिद्धान्त स्वतःपुरता कोणी स्वीकारल्यास त्याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु तोच सिद्धान्त दुसऱ्याच्या दुःखावर लावला गेला की ती जिवंत व्यक्ती दृष्टान्त बनू लागते. ग्रंथाच्या काही भागांत नेमके हेच घडले आहे. तेथे मैत्रिणीचे बोलणे थांबते आणि लेखिकेचे विवेचन सुरू होते.

कुटुंबीयांच्या इच्छेला मान देऊन ग्रंथात श्वार्त्सेनबाख यांना ‘क्रिस्टिना’ हे नाव देण्यात आले. या नामांतराने खाजगीपणाचे रक्षण झाले, हे खरेच. पण त्याबरोबर एका लेखिकेचे लेखिकापण झाकले गेले, हेही विसरता येत नाही. जिच्या नावावर ग्रंथ होते ती दुसरीच्या ग्रंथातील पात्र होऊन राहिली आणि मृत्यूनंतर तिला प्रत्युत्तराची संधी उरली नाही.

येथे मायार यांच्याच पूर्वीच्या एका प्रवासाची तुलना उद्बोधक ठरते. १९३५ साली त्यांनी पीटर फ्लेमिंग यांच्यासह पेकिंगपासून काश्मीरपर्यंत प्रवास केला होता. त्या प्रवासावर फ्लेमिंग यांचा ‘न्यूज फ्रॉम टार्टरी’ १९३६ मध्ये आणि मायार यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वाटेचे दोन साक्षीदार वाचकासमोर जवळजवळ एकाच वेळी उभे राहिले. फ्लेमिंग यांची घाई आणि मायार यांची रेंगाळण्याची वृत्ती एकमेकींना तपासत राहतात. १९३९ च्या प्रवासाला असा दुसरा साक्षीदार दीर्घकाळ लाभला नाही. श्वार्त्सेनबाख यांनी वृत्तपत्रांसाठी लिहिलेले जर्मन लेख विखुरलेले राहिले. ते ‘आले वेगे झिंड ओफेन’ या नावाने ग्रंथरूपात आले ते २००० साली, म्हणजे ‘द क्रूएल वे’नंतर त्रेपन्न वर्षांनी.

हे लेख वाचले असता क्रिस्टिनाचे चित्र पालटते. त्यांत व्यसनाची कथा केंद्रस्थानी नाही. केंद्रस्थानी आहे ती रस्त्याची ओढ आणि परतीचा मार्ग मिटत चालल्याची जाणीव. कैसर येथील एका बागेत घरातील स्त्रियांनी केलेल्या स्वागताचे त्यांचे वर्णन या दृष्टीने लक्षणीय आहे. बाहेर पडताना बुरख्याआड नाहीशा होणाऱ्या स्त्रियांचे मुक्त रूप तेथे दिसते आणि त्या आनंदाच्या तळाशी एक अस्वस्थ प्रश्न राहतो. जी स्वतःच्या पीडेत बुडालेली आहे असे मायार यांच्या ग्रंथावरून वाटते, तिची दृष्टी परक्या जीवनाकडे इतक्या सावधपणे वळलेली होती, हे या लेखांवाचून कळले नसते.

यावरून मायार यांची साक्ष खोटी ठरत नाही. ती अपुरी ठरते. दुःखी सोबत्याचे दुःख जवळून पाहणाऱ्याला त्याचे दुःखच मोठे दिसते, आणि त्याचे उरलेले व्यक्तित्व त्याच्याआड जाते. कलेसाठी आवश्यक मानलेले ताटस्थ्य मैत्रीत सहजासहजी साधत नाही. साधले तर मैत्रीविषयी शंका येते. ‘द क्रूएल वे’ या पेचात सापडलेला ग्रंथ आहे. त्यातून सुटल्याचा आव मायार यांनी आणला नाही, हे त्यांचे श्रेय.

१९४० च्या आरंभी श्वार्त्सेनबाख मुंबईहून बोटीने युरोपला परतल्या. मायार मागे राहिल्या. एकीचा ग्रंथ आणि दुसरीचे लेख यांची गाठ पडण्यास त्यानंतर साठ वर्षे लागली. दोघांनी मिळून केलेल्या प्रवासाचा अभ्यास करणाऱ्याने या उदाहरणावरून एक नियम स्वतःपुरता घालून घ्यावा. ज्याने लिहिले त्याचे वाचून झाल्यावर, ज्याच्याविषयी लिहिले गेले त्याने मागे काय ठेवले आहे, याचा शोध घेतल्याखेरीज निर्णय देऊ नये.