कावाखान्याची आठवण : 'बलुतं' पुन्हा वाचताना

आमच्या धर्मग्रामाच्या छोट्याशा वाचनालयातून 'बलुतं' नेलेल्या एक बाई चौथ्याच दिवशी ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत घेऊन आल्या. "फादर, हे पुस्तक तुम्हीच ठेवलंय ना? आपल्या पोरींच्या हाती पडलं तर?" मी विचारले, "कुठपर्यंत वाचलंत?" "कावाखान्यापर्यंत," त्या म्हणाल्या, आणि किंचित थांबून पुढे म्हणाल्या, "माझी आजी नागपाड्याला राहायची."

पुस्तक खोटे आहे अशी त्यांची तक्रार नव्हती, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

दया पवार (1935–1996) हे आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातील धामणगावचे. 'ग्रंथाली'ने 1978 साली प्रसिद्ध केलेले त्यांचे हे आत्मकथन मराठी दलित साहित्यातील एक मूलभूत ग्रंथ मानले जाते. त्याची चर्चा बहुधा जातिव्यवस्थेच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु एका नष्ट होत चाललेल्या वस्तीचे स्मरण म्हणून त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मला ते पाहावेसे वाटते, कारण अकोले, संगमनेर, राहुरी या भागांतून पोटासाठी मुंबई गाठलेल्या कितीतरी कुटुंबांचा पहिला मुक्काम अशाच वस्त्यांत पडला. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज ज्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून ख्रिस्तसभेत आले, तेथूनच ही वाटही निघत होती.

कावाखाना ही नागपाड्यानजीकची वस्ती. एका अंगाला कामाठीपुरा, दुसऱ्या अंगाला गोलपिठा. एकेका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, मधे नुसता आडोसा. पुरुष हमाली करीत, कोणी गिरणीत, कोणी गोदीत; लेखकाचे वडील गोदीतच होते. बायका रस्त्यावरचे कागद, चिंध्या, काचा, लोखंडाचे तुकडे वेचीत, रात्री जागून ते निवडीत आणि सकाळी विकून येत. काही जणी आसपासच्या वेश्यांच्या साड्या धुवायला नेत. पवार हे सारे आवाज न चढवता सांगतात. त्याच परिसराने नामदेव ढसाळांना 1972 साली 'गोलपिठा' हा काव्यसंग्रह दिला. ढसाळांच्या कवितेत ती वस्ती स्फोटासारखी येते. पवारांच्या गद्यात ती एखाद्या गृहिणीने पेटीतले सामान एकेक करून बाहेर मांडावे तशी येते. दोन्हींची गरज होती. पण तेथे राहिलेल्या माणसाला आपले घर ओळखू येईल ते दुसऱ्या पद्धतीत, असे माझे मत आहे.

जुन्या वस्तीच्या आठवणी लिहिणारे बहुतेक लेखक एका सापळ्यात अडकतात. अरण्यातील इस्राएल लोकांना मिसर देशातले कांदे, लसूण आणि काकड्या आठवल्या. विटांचे वेठ मात्र आठवले नाही. चाळींवरील आपले बरेचसे लेखन याच जातीचे आहे : सार्वजनिक नळ, गच्ची, गणपती आणि शेजारधर्म. नळावरून कोणाला हटकले जात होते, हे त्यात सापडत नाही. पवारांना कांदा-लसूणही आठवतो आणि वेठही आठवते. पोराच्या डोळ्यांना त्या गजबजाटाची जी भूल पडली होती ती ते लपवत नाहीत, आणि त्या भुलीखातर दारिद्र्याला सुंदरही करत नाहीत. मराठीत हे दुर्मीळ आहे.

त्यांना हे कसे साधले? निवेदनाच्या रचनेत त्याचे उत्तर आहे. शिकलेला, नावारूपाला आलेला दया पवार ऐकतो आहे आणि दगडू मारुती पवार सांगतो आहे, दोघे एकच. आम्ही धर्मगुरू पापनिवेदन ऐकत आलेली माणसे, म्हणून ही रचना मला विशेष अस्वस्थ करते. संत ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाबा'त स्मृतीची भव्य दालने उघडली ती परमेश्वरासमोर, क्षमेच्या खात्रीने. दगडूसमोर फक्त दया आहे, आणि दयाला क्षमा करण्याचा अधिकार नाही. तो केवळ ऐकून घेतो. म्हणूनच पुस्तक संपल्यावरही ओझे उतरल्यासारखे वाटत नाही.

दोष नाहीत असे नाही. नोकरी आणि चळवळ यांचे भाग घाईत उरकल्यासारखे झाले आहेत. कावाखान्यातील दृष्टीची धार तेथे बोथट होते. आणि स्त्रियांविषयी? आई आणि आजी यांच्याबद्दल लेखकाने जे लिहिले आहे त्यात अपार माया आहे. परंतु पहिल्या पत्नीवर घेतलेल्या संशयाची कहाणी तो प्रांजळपणे सांगतो तरी तिची बाजू आपल्या कानी पडत नाही. प्रांजळपणा म्हणजे न्याय नव्हे. त्या बाईंनी पुस्तक या कारणासाठी परत केले असते, तर मी त्यांच्याशी वाद घातला नसता.

पुस्तक प्रथम निघाले तेव्हा समाजातल्याच काही शिकलेल्या मंडळींनी नाक मुरडले होते : आपली लक्तरे वेशीवर का टांगायची? चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी प्रश्न तोच आहे. फरक एवढाच की आता वेसच राहिलेली नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले; भायखळा, सात रस्ता येथून ती उंची सरकत सरकत नागपाड्याच्या उशाला आली आहे. कामाठीपुऱ्याच्या एकत्रित पुनर्विकासाचे काम म्हाडाने हाती घेतले आहे. पडक्या इमारतींत जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना चांगले घर मिळावे, यात दुमत असण्याचे कारण नाही. त्या आडोशासाठी अश्रू ढाळणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु नवी वस्ती उभी राहते तेव्हा तिला सोयीचा इतिहासही लागतो, आणि चिंध्या निवडणाऱ्या बायका त्या इतिहासात बसत नाहीत. 2015 साली मुंबईचेच लेखक जेरी पिंटो यांनी 'बलुतं' इंग्रजीत आणले. त्यामुळे मनोऱ्यात राहायला येणाऱ्याला, त्याची इच्छा असल्यास, पायाखाली काय होते ते वाचता येईल. आपल्या घरांतून मात्र ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत येते.

त्या बाईंना मी एवढेच विचारले, "आजी काय काम करायच्या?" बराच वेळ त्या पुस्तकाच्या पुडक्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कागद वेचायची. आमच्या घरात कुणी बोलत नाही."

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला त्यांची मुंबईची भाचरे दर वर्षी येतात. आजीची खोली नेमकी कोणत्या गल्लीत होती, हे त्यांच्यापैकी थोरल्याला विचारून पाहीन, असे त्या म्हणाल्या. पुस्तक त्यांनी तेवढ्यासाठी पुन्हा नेले आहे. परत करण्याची तारीख मी कार्डावर लिहिलेली नाही.